पाऊस आज, निरोप परवा

पत्र

ताई, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. अडीच एकर बाग आहे, बहुतेक सुपर सोनाका वाणाची. 2014 साली मी आणि दोघा मित्रांनी समाजमाध्यमावर बागायतदारांचा एक गट काढला. पानाचा फोटो टाकायचा, छाटणीपासून बाग किती दिवसांची ते लिहायचं आणि ज्याला अनुभव आहे त्यानं सांगायचं, एवढंच. आज नऊ हजारांवर माणसं आहेत. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटेना, तेव्हा याच गटावर रात्र-रात्र जागून आम्ही एकमेकांना धीर दिला.

गेली दोन वर्षं सगळं बिघडलंय. सकाळी मी लिहितो, ‘दुपारनंतर पाऊस दिसतोय, धुरळणी उरकून घ्या’, आणि ते लोकांना दिसतं परवा. जुने फोटो उघडत नाहीत. मागची चर्चा शोधली तर सापडत नाही. माझं खातं दोनदा काही कारण नसताना बंद पडलं, एकदा तर अकरा दिवस. तक्रार केली की तेच ते ठरीव उत्तर येतं.

यंदा कवठेमहांकाळकडच्या एका पोरानं रात्री पावणेदहाला पानाचा फोटो टाकला. बाग 38 दिवसांची, वर तेलकट डाग, पानामागं पांढरं. ‘हे काय आहे, कुणी सांगता का?’ मला तो फोटो तिसऱ्या दिवशी दिसला. तोवर डावणी, हा पानांवरून घडावर जाणारा बुरशीचा रोग, घडावर उतरली होती. त्याच्या पोस्टखाली फक्त दोन अंगठे होते. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

पुतण्या म्हणतो, ‘काका, नवीन ॲप आलंय, सगळ्यांना घेऊन तिकडं चला.’ मित्र म्हणतात, अकरा वर्षांचं उभं केलेलं मोडायचं नाही. राहू की सोडू?

– एक बागायतदार

उत्तर

दादा,

प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलाय, पण दुखणं त्या पोराच्या फोटोत आहे. म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलू.

त्या रात्री नेमकं काय झालं असेल, ते मला दिसतं तसं सांगते. आपण समजतो की गट म्हणजे गावातला फळा. आला त्यानं लिहिलं, गेला त्यानं वाचलं. पूर्वी या सेवा बऱ्याच अंशी तशाच होत्या, आधीचं खाली आणि नवीन वर. मग एकेकीनं ते सोडलं. ट्विटर आणि इन्स्टाग्राम दोघांनीही 2016 मध्ये वेळेचा क्रम मोडला, फेसबुकनं तर त्याच्याही आधी. आता काय वर दिसावं ते एक गणित ठरवतं. तुम्ही कशावर थांबाल, कशाला अंगठा द्याल, कशाखाली लिहाल याचा ते अंदाज बांधतं. पानावरच्या तेलकट डागाचा, ओळखपाळख नसलेल्या पोराचा, रात्री पावणेदहाचा फोटो त्या गणितात मागं पडतो. त्याच वेळी कुणीतरी टाकलेला भरघोस घडाचा फोटो पुढं जातो, कारण त्यावर दोनशे माणसं ‘एक नंबर’ लिहितात. तुमच्या ‘धुरळणी उरकून घ्या’चंही तेच होतं. ते गणित तुमच्यावर रुसलेलं नाही, पण त्याला पाऊस कळत नाही. दुपारी तीननंतर त्या वाक्याला काही किंमत उरत नाही, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून झोपेचं आधी सांगते. तुम्ही त्या पोराला बघून न बघितल्यासारखं केलं नाही. तुम्हाला तो दाखवलाच गेला नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ते अंतर तुम्ही विसरताय, असं तुमच्या अक्षरावरून वाटतं. (पत्र तुम्ही हातानं लिहिलंय. ‘दोन अंगठे’ या शब्दांवर पेन जोरात टेकलंय, कागद मागून उमटलाय.)

पण एवढं बोलून मी तुम्हाला मोकळं सोडणार नाही. अडतीस दिवसांच्या बागेतला डावणीचा प्रश्न ज्या जागी विचारला जातो, ती जागा तीन दिवस उशिरा ऐकणारी असेल तर तो प्रश्न तिथं राहता कामा नये. हे कळूनही आपण काही बदललं नाही, तर पुढच्या पोराच्या वेळी ‘मला दिसलं नाही’ असं म्हणायची सोय आपल्याला नाही. मी थोडं कडक बोलतेय. पण तुम्ही सल्ला मागितलाय आणि मला तुमच्या गटाची खरोखर काळजी वाटते.

राहू की सोडू, असं तुम्ही एका दमात विचारता तेव्हा गट म्हणजे एकच वस्तू आहे असं धरून चालता. मला त्यात तीन वेगळी कामं दिसतात. एक, तातडीचा निरोप. दोन, अकरा वर्षांच्या अनुभवाचा साठा. तीन, माणसांची सोबत. ही तिन्ही तुम्ही एकाच खुंटीला टांगलीत आणि आता खुंटी हलायला लागल्यावर सगळंच पडणार असं वाटतंय. तिन्ही एकदम हलवायची गरज नाही. पहिलं याच आठवड्यात काढून घ्या. दुसरं हंगाम संपल्यावर. तिसरं बहुधा आहे तिथंच राहू द्या.

तातडीच्या निरोपावर जरा थांबते, कारण नुकसान तिथं होतंय.

निरोपाला वेळ असेल तर त्याची वाट अशी हवी की तो सगळ्यांना एकाच वेळी, लिहिला त्याच क्रमानं जाईल आणि मध्ये कुणी निवड करणार नाही. सगळ्यात साधी वाट म्हणजे फोनची साखळी. तुमच्या नऊ हजारांतली माणसं किती गावांतली आहेत ते एकदा मोजा. मला वाटतं दीडशेच्या आतच भरतील. प्रत्येक गावात एक जबाबदार माणूस धरा आणि तो शेतात असेल तेव्हासाठी एक जोडीदार. तुम्ही दहा जणांना फोन करायचा, त्या दहांनी आपापल्या पंधरांना. अर्ध्या तासात निरोप गावागावांत पोचतो. पुढं गावातली वाट गावानं ठरवावी. कुठं व्हॉट्सॲपचा गट असेल, कुठं साधा एसेमेस, कुठं ग्रामपंचायतीचा स्पीकर. तुमच्याच जिल्ह्यातलं कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवा. तिथं 2022 पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. पोरांच्या अभ्यासासाठी गावानं ते ठरवलं. कारण वेगळं आहे, पण निरोप कसा पोचतो ते बघा. भोंगा वाजला की पहिल्या घराला आणि शेवटच्या घराला एकाच क्षणी कळतं.

साखळीतली एक खोच मात्र पक्की ध्यानात ठेवा. दोन्ही वाटा एकाच मालकाच्या असू नयेत. 4 ऑक्टोबर 2021 ची सोमवारची रात्र तुम्हाला आठवत असेल. ऐन छाटणीचे दिवस होते. आपल्याकडं नऊच्या सुमारास फेसबुक बंद पडलं आणि त्याच्याबरोबर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपही, कारण तिन्ही एकाच कंपनीची. पहाटे साडेतीनच्या सुमारास ती परत सुरू झाली. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेनं कंपनीची डेटा केंद्रंच एकमेकांपासून तुटली आणि मग आपला पत्ता जगाला सांगणारी त्यांची यंत्रणाही गप्प झाली. यंत्रं जागेवर होती, पण तिथं जायचा रस्ता नकाशावरून पुसला गेला होता. त्या रात्री ज्यांनी ‘एक बंद पडलं तर दुसरं आहे’ असा हिशेब केला होता, त्यांचं दुसरंही त्याच वेळी बंद होतं. म्हणून साखळीत एक वाट इंटरनेटशिवाय चालणारी ठेवा. साधा फोन आणि एसेमेस. आणि नंबर वहीत लिहा. फोन पाण्यात पडला तर फोनमधले नंबरही पाण्यात जातात आणि तुमचं काम पाण्यातलंच आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी उलटी वाट लागेल. गटाच्या माथ्यावर ठळक लिहा: ‘पानावर डाग दिसला, पाऊस पडून गेला, घड कुजायला लागला, तर इथं वाट बघू नका. या तीन नंबरांवर फोन करा.’ तीनही नंबर तुमचे नकोत. तुम्ही दोघं-तिघं मित्र आहात, त्यात एखादा कृषी पदवीधर तरुण घ्या आणि वार वाटून घ्या. अकरा वर्षं तुम्ही हे एकट्याच्या खांद्यावर घेतलंय असं पत्रातून दिसतं. नऊ हजार माणसांचा फोन एकट्या माणसानं रात्री उशाशी घेऊन झोपायचं नसतं. जिथं तुमचा अनुभव पुरत नाही तिथं कृषी विज्ञान केंद्राचा आणि पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा नंबरही त्याच ठिकाणी लिहा. औषधाचा सल्ला जाणकारानंच द्यावा हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता साठ्याचं.

जुने फोटो उघडत नाहीत, ही गोष्ट तुम्ही तक्रारीतली तक्रार म्हणून एका ओळीत लिहून पुढं गेलात. मी तिथंच अडकले. अकरा वर्षांत कुठल्या वाणावर, कुठल्या पावसानंतर, बाग किती दिवसांची असताना काय झालं आणि कशानं आवरलं, हे हजारो शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. असं दस्तऐवज विकत मिळत नाही. आणि ते सध्या अशा माणसांच्या ताब्यात आहे, ज्यांना त्यात काय आहे हे माहीतसुद्धा नाही.

या सेवा बंद पडतात, दादा. तुमचा गट सुरू झाला त्याच वर्षी, 30 सप्टेंबर 2014 ला, ऑर्कुट बंद झालं. आपल्या किती पोरांचं कॉलेज त्यावर गेलं होतं. गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये गेलं. याहू ग्रुप्स डिसेंबर 2020 मध्ये. आपल्या मातीतलं, मराठीतही चालणारं ‘कू’ 2020 मध्ये आलं आणि जुलै 2024 मध्ये संपलंही. बंद न पडताही साठा जातो. मायस्पेसनं 2019 मध्ये कबूल केलं की सर्व्हर बदलताना तीन वर्षांपेक्षा जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ हरवले. बारा वर्षांचं संगीत होतं ते, हौशी पोरांनी घरात बसून केलेलं, आणि बहुतेकांकडं दुसरी प्रत नव्हती.

माझंही एक सांगते. माझी मावसबहीण आणि मी, लग्न होऊन दोन टोकांच्या गावांत गेलो. तीन वर्षं आम्ही एका सेवेवर रोज रात्री लिहायचो. सासू काय म्हणाली, भाकरी कशी फुगली, पोराला दात आला. मग ती आजारी पडली आणि गेली. काही वर्षांनी ती सेवा बंद होणार असल्याचा मेल आला होता. तो मी उघडलाच नाही. असे मेल आपण उघडतो का? एके दिवशी तिची आठवण आली, तिचं एखादं वाक्य वाचावं म्हणून गेले, तर तिथं काही नव्हतं. आज मला तिचं फक्त एक वाक्य आठवतं: ‘तू झोप आता, माझं दूध उतू जातंय.’ बाकी तीन वर्षं गेली. म्हणून तुमच्या न उघडणाऱ्या फोटोंवर मी एवढी अडून बसलेय.

तेव्हा असं करा. आधी स्वतःच्या खात्याची माहिती उतरवून घ्या. बहुतेक मोठ्या सेवांच्या सेटिंगमध्ये ती सोय असते. पुतण्याला बसवा, एका संध्याकाळचं काम आहे. पण फसू नका, त्यात बहुतेक तुमचंच लिखाण आणि तुमचेच फोटो येतील. इतरांनी गटात टाकलेलं येईलच असं नाही. ते हातानं वेचावं लागेल, आणि सगळं वेचायची गरज नाही. ‘शुभ सकाळ’ आणि घडाशेजारचे फेटेवाले फोटो राहू द्यात तिथं. ज्या चर्चेत वाण, गाव, बागेचे दिवस, पाऊस, केलेला उपाय आणि शेवटी काय झालं एवढं आहे, तेवढ्याच घ्या. चार-पाचशे भरल्या तरी सोनं आहे. ज्यानं लिहिलं त्याला विचारून घ्या आणि त्याचं नाव-गाव लावायचं की नाही तेही विचारा. फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क तुमच्याकडं आणि एक मित्राकडं दुसऱ्या गावात. निर्यातीच्या प्लॉटला तुम्ही फवारणीची नोंदवही ठेवताच. तोच तक्ता इथं वापरा, हात बसलेला आहे.

वेचून, नीट लावून ठेवलेलं कसं टिकतं याचं आपल्याकडचंच उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी पुण्यातून काम करत खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. सहकाऱ्यांसह एक लाखाहून जास्त. ओवी कुणाची आणि गाव कुठलं हे त्यांनी नोंदवून ठेवलं. पुढं कित्येक वर्षांनी, 2017 पासून, त्या ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर इंटरनेटवरून लोकांपुढं येऊ लागल्या. ज्यांनी जमवलं ती दोघं आज नाहीत, जागा बदलली, माध्यम बदललं, तरी ओवी आणि ती गाणारीचं नाव एकमेकांना धरून आहे. तुमच्या गटातल्या माणसांचं लिखाण मला त्याच तोलाचं वाटतं. जात्यावर बसून नाही तर बांधावर बसून लिहिलेलं, एवढाच फरक.

हे काम आत्ता काढू नका. आत्ता घडात जीव अडकलाय. काढणी झाली, बाग विसाव्याला सोडली, एप्रिलची खरड छाटणी उरकली की मे-जूनमध्ये थोडी उसंत मिळते. तेव्हा घरातली बारावीची परीक्षा दिलेली पोरं रिकामी असतात, त्यांना धरा.

खात्याच्या बंद पडण्याचं थोडक्यात सांगते. एकाच खात्याकडं गटाच्या किल्ल्या ठेवू नका. वेगवेगळ्या गावांतल्या आणखी तिघांना गटाचं पूर्ण चालकपद द्या, म्हणजे तुमचं खाते अडकलं तरी गट चालू राहील. दोन टप्प्यांची सुरक्षा लावा आणि तिचे राखीव आकडे वहीत लिहा. पुन्हा बंद पडलं तर नुसतं ‘मदत’ बटण दाबून थांबू नका. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशा सेवांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. त्यानं 24 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा असतो. त्याच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडं जाता येतं. 2023 पासून अशा समित्या आहेत आणि अर्ज ऑनलाइनच करायचा असतो. ठरीव उत्तर आलं तरी ते जपून ठेवा, अपिलाला तेच जोडायचं असतं. आणि ‘तुमचं खातं परत सुरू करून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणारा कुणी भेटला तर फोन ठेवा. अडलेल्या माणसाला हेरणारे असे बरेच आहेत. चुकून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा.

आता पुतण्या. पोरगं मनापासून बोलतंय, त्याला झिडकारू नका. त्याचं निदान बरोबर आहे, उपाय घाईचा आहे. एवढी माणसं एकदम उठून दुसरीकडं जात नाहीत. नोव्हेंबर 2019 मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरनं बंद केलं, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी रागानं मॅस्टोडॉन ही ट्विटरसारखीच दुसरी सेवा गाठली. 2022 मध्ये ट्विटरचा मालक बदलल्यावर तीच लाट जगभर आली. दोन्ही वेळा बरेच जण काही दिवसांनी परतले. नवी जागा वाईट नव्हती. पण ज्याच्याशी बोलायचं तो तिथं नव्हता. तुमच्या गटात साठीपुढचे किती जण असतील? त्यांच्या फोनवर पोरानं एकदा ते ॲप टाकून दिलंय, त्यांना त्याच एका चित्रावर बोट ठेवायची सवय आहे. नव्या जागी जाताना सगळ्यात आधी तेच मागं राहतात. आणि 2019 चा पाऊस कसा काढला हे सांगणारेही तेच आहेत.

त्यात नवीन ॲप कुणाचं, ते पैसे कशातून मिळवणार, उद्या त्यांनीही तेच गणित लावलं तर काय, याचं उत्तर पुतण्याकडं असेल असं वाटत नाही. त्याला म्हणा, तू आणि तुझ्या वयाचे वीस जण तिथं एक हंगाम गट चालवून बघा. टिकला, बरा वाटला तर पुढच्या वर्षी बोलू. त्याच्या उत्साहाला काम मिळेल आणि तुम्हाला खरी माहिती.

मित्रांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. ‘उभं केलेलं मोडू नका’ म्हणताना ते नऊ हजार हा आकडा बघतात. तुम्ही एक मोजदाद करा. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी एकदा तरी प्रश्न विचारला किंवा उत्तर दिलं, अशांची नावं वहीत लिहा. माझा अंदाज आहे ती तीन-चारशेच्या पुढं जाणार नाहीत. तुमचा गट म्हणजे ती माणसं. ती वहीत आली, त्यांचे नंबर तुमच्याकडं आले की तुमच्या मनातली निम्मी भीती जाईल, कारण मग ती सेवा उद्या सकाळी बंद पडली तरी संध्याकाळपर्यंत तुम्ही त्या सगळ्यांशी बोललेले असाल. सध्या त्या भीतीपोटीच तुम्ही तिथं अडकून आहात आणि त्या भीतीपोटीच पळून जावंसंही वाटतंय.

म्हणजे माझं उत्तर, सध्या राहा. घडांचे फोटो, एकमेकांची थट्टा, बाजारभावाच्या गप्पा, कुणाच्या घरी लग्न, कुणाची बाग नवीन खुंटावर भरली, हे सगळं तिथं चालू द्या. ते दोन दिवस उशिरा दिसलं तरी कुणाचं काही जात नाही. निरोप आणि साठा मात्र तिथून काढा. पुढच्या वर्षी खरड छाटणीनंतर तिघं मित्र पुन्हा बसा आणि बघा, अजून तिथं बोलणं होतंय का, की सवयीनं नुसते जाताय. तेव्हा सोडायचं ठरलं तर सोडताना फार लागणार नाही, कारण लागणारं सगळं आधीच घरी आलेलं असेल.

राहिला तो कवठेमहांकाळचा मुलगा. तुम्ही त्याला नंतर काही लिहिलं का, हे पत्रात नाही. लिहिलं असेल तरी तेही त्याला तिसऱ्या दिवशी दिसलं असेल. नंबर शोधा, त्याच्या गावातला कुणीतरी तुमच्या ओळखीचा निघेलच. फोन करा, जमलं तर एखाद्या रविवारी मोटारसायकल काढून जाऊनच या. ‘दिसलं नाही रे’ एवढं त्याला तोंडानं सांगा. बागेत जा, काय वाचलंय ते दोघं मिळून बघा. तो तरुण आहे, रात्री पावणेदहाला जागा होता आणि पान उलटून बघायची त्याला अक्कल होती. गावागावांत जबाबदार माणूस शोधायचाय ना तुम्हाला? त्याच्या गावासाठी त्यालाच विचारा.